लिनक्स टाकलं आणि संगणक सुरूच होईना? 'फॉरमॅट मारा' म्हणण्याआधी हे वाचा



आपल्या ब्लॉगवर नेहमी पाठ, निबंध आणि उपक्रम यांवर लेख असतात. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तोही शाळेचाच आहे. शाळेतल्या किंवा घरातल्या जुन्या संगणकावर आपण लिनक्स टाकतो. सगळं व्यवस्थित पार पडतं. "आता संगणक पुन्हा सुरू करा" असा संदेश येतो. आपण खुशीत बटण दाबतो आणि समोर काळा पडदा, इंग्रजीतली एखादी ओळ आणि लुकलुकणारी रेघ. पुढे काहीच नाही. अशा वेळी काय करावं आणि काय अजिबात करू नये, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. अशा वेळी संगणक बहुतेकदा बिघडलेला नसतो. आपण टाकलेलं लिनक्सही डिस्कवर जागच्या जागी असतं. चूक असते ती सुरुवातीच्या एका लहानशा दुव्यात. त्याला 'बूट लोडर' म्हणतात. हा दुवा बहुतेक वेळा जोडता येतो. पण आपल्याकडे पडदा काळा दिसला की पहिलं वाक्य निघतं, "फॉरमॅट मारा." दुसरं निघतं, "म्हणूनच सांगत होतो, लिनक्स नको." ही दोन्ही वाक्यं घाईची आहेत, आणि त्यांची किंमत मुलं मोजतात.

हा प्रश्न आत्ताच का आला?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता आपापल्या शाळेतले संगणक डोळ्यांसमोर आणा. त्यातले किती या अटीत बसतात? चालू स्थितीतली कितीतरी यंत्रं केवळ या एका कारणाने 'जुनी झाली' म्हणून कोपऱ्यात जात आहेत.

आपल्या मांजरीचंच बघा. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं. गावात एकीकडे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, दुसरीकडे हाकेच्या अंतरावर हडपसर-मगरपट्ट्याची आयटी कार्यालयं. रेड हॅट ही कंपनी लिनक्सवर जगभर मोठी झाली, आणि तिनेही पुण्यातलं कार्यालय मगरपट्टा सिटीतच थाटलं. या भागातल्या कंपन्या संगणक बदलतात तेव्हा त्यांचे वापरलेले संगणक कधी कधी शाळांना मिळतात. बऱ्याचदा ते रिकामे असतात, किंवा त्यातलं विंडोज वापरता येत नाही. तिथे लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. ते फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, मराठीत चालतं, आणि शाळेत दहा यंत्रांवर टाकलं तरी कोणी परवाना विचारत नाही.

हे काही हवेतलं बोलणं नाही. केरळमध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, २०१७ मध्ये त्याचं 'काइट' या सरकारी कंपनीत रूपांतर झालं, आणि तिथल्या सरकारी शाळांतले संगणक लिनक्सवर चालतात. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय भाषांना सोयीचं लिनक्स बनवलं आहे. साधनं आहेत, यंत्रं आहेत. गाडी अडते ती पहिल्या दिवशीच्या त्या काळ्या पडद्यावर.

संगणक सुरू होतो म्हणजे नेमकं काय होतं?

हे एकदा समजलं की अर्धी भीती जाते. संगणकाचं सगळं काम प्रोग्रॅम करतात आणि प्रोग्रॅम डिस्कवर असतात. पण डिस्कवरून प्रोग्रॅम उचलायलाही आधी एक प्रोग्रॅम लागतो. आधी कोंबडी की आधी अंडं, असाच हा प्रश्न. तो सोडवण्यासाठी संगणक चार पायऱ्यांनी जागा होतो. आपल्या शाळेच्या सकाळशी जोडून बघू.

पहिली पायरी, फर्मवेअर. जुन्या यंत्रात याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. हे म्हणजे आपले शिपाई मामा. सगळ्यांत आधी येतात, मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का, हे बघतात. कोणतं दार आधी उघडायचं याची एक यादी त्यांच्याकडे असते. तिला बूट ऑर्डर म्हणतात.

दुसरी पायरी, बूट लोडर. मामांनी दार उघडलं की आत किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेली व्यक्ती. लिनक्समध्ये तिचं नाव बहुतेक वेळा 'ग्रब'. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या खोलीत आहे हे तिला माहीत असतं. म्हणून तर लिनक्स आणि विंडोज दोन्ही असले की 'कोणतं उघडू?' अशी यादी ती दाखवते.

तिसरी पायरी, कर्नल. म्हणजे मुख्याध्यापक. ते आले की शाळेचा कारभार त्यांच्या हातात जातो. चौथी पायरी, लॉगिनचा पडदा आणि डेस्कटॉप, म्हणजे भरलेला वर्ग.

आता गोम इथे आहे. दुसरी पायरी जुन्या आणि नव्या यंत्रांत वेगवेगळ्या जागी बसते. जुन्या बायोस पद्धतीत ती डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यापासून सुरू होते, आणि त्यातही प्रोग्रॅमसाठी जागा जेमतेम ४४६ बाइट. यूईएफआय पद्धतीत डिस्कवर एक छोटा वेगळा विभाग असतो आणि त्यात बूट लोडरची फाइल साध्या फाइलसारखी ठेवलेली असते. लिनक्स टाकताना पेन ड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला आणि यंत्र दुसऱ्या पद्धतीने चालत असेल, तर किल्ल्यांचा जुडगा एका दारात ठेवलेला आणि मामा भलत्याच दारात उभे, अशी गत होते. लिनक्स आत सुखरूप असतं. फक्त त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

वर्गात आपण काय करतो?

चौथीतल्या मुलाचं भागाकाराचं उत्तर चुकलं, तर आपण वही फाडून "पहिल्यापासून लिही" म्हणतो का? नाही. कुठपर्यंत बरोबर आहे ते बघतो. भाग बरोबर घेतलाय, गुणाकार बरोबर आहे, वजाबाकीत हातचा विसरलाय. त्या एका जागी बोट ठेवलं की मूल स्वतःच दुरुस्त करतं. डीएडच्या पाठात आपण हेच शिकलो, की चूक कुठे झाली ते शोधणं हा शिकवण्याचाच भाग आहे.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हे सगळं विसरतो. फॉरमॅट मारणं म्हणजे वही फाडणंच. आमच्या ओळखीच्या एका शाळेत असंच झालं. पडद्यावर ग्रबची एक ओळ दिसत होती. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ती न वाचताच पूर्ण डिस्क साफ केली. मागच्या वर्षांची निकालपत्रकं, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, सहलीचे आणि स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं गेलं. ती ओळ वाचली असती तर एकही फाइल न गमावता काम झालं असतं.

गंमत म्हणजे संगणक बनवणाऱ्यांनीही हाच विचार केला होता. ग्रबच्या आधी लिनक्सवर 'लिलो' नावाचा बूट लोडर फार वापरात होता. तो सुरू होताना स्वतःच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून पडद्यावर उमटवायचा. एकेक टप्पा पार पडला की पुढचं अक्षर. दोनच अक्षरं उमटून थांबला, तर जाणकाराला लगेच कळायचं की गाडी कोणत्या टप्प्यावर अडली. म्हणजे यंत्र आपल्याला सांगत असतं. आपण वाचत नाही, कारण ते इंग्रजीत असतं आणि आपण आधीच घाबरलेले असतो. म्हणून ते संदेश मराठीत समजून घेऊ.

हात लावण्याआधी तीन नियम

पहिला नियम. मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. संदेश जसाच्या तसा हवा. "काहीतरी एरर येतोय" एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही.

दुसरा नियम. आधी माहिती वाचवा. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, त्याच पेन ड्राइव्हवरून लिनक्स डिस्कवर न टाकता नुसतं चालवूनही बघता येतं. उबंटू, मिंट यांसारख्या प्रचलित लिनक्समध्ये ही सोय असते. ते सुरू करून डिस्क उघडा आणि महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. मग जिवाला घोर राहत नाही. आणि त्याच डिस्कवर विंडोजही असेल, तर फर्मवेअरमधली कोणतीही सेटिंग बदलण्याआधी 'बिटलॉकर' चालू आहे का बघा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी वहीत लिहून घ्या. नाहीतर विंडोज ती की मागेल आणि आपण हात चोळत बसू.

तिसरा नियम. एका वेळी एकच बदल करा, आणि तो वहीत लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चालू झालं तेही कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही नाही.

पडद्यावर काय दिसतं, त्यावरून ओळखा

१. संगणक सरळ विंडोजमध्येच जातो, लिनक्सचं नावही दिसत नाही.
घाबरू नका. मामांच्या यादीत विंडोज पहिल्या नंबरवर आहे, एवढाच अर्थ. यंत्र सुरू करताना एफ २, एफ १०, एफ १२, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक बटण दाबलं की फर्मवेअरचा पडदा किंवा बूटची यादी येते. कोणतं बटण ते कंपनीप्रमाणे बदलतं, पण बहुतेकदा पहिल्या पडद्यावर खाली लिहिलेलं असतं. तिथे उबंटू किंवा जे लिनक्स टाकलं असेल त्याचं नाव वर आणा. कधी कधी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम आपोआप बदलतो. तेव्हाही उपाय हाच.

२. 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'.
म्हणजे मामांना एकाही दारात किल्ल्यांचा जुडगा सापडला नाही. तीन गोष्टी क्रमाने तपासा. फर्मवेअरच्या पडद्यावर डिस्कचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर प्रश्न लिनक्सचा नाही, आतली केबल किंवा डिस्क बघावी लागेल. डिस्क दिसत असेल तर यूईएफआय आणि लेगसी यांपैकी कोणती पद्धत निवडलेली आहे ते बघा, आणि दुसरी निवडून एकदा सुरू करून बघा. तरीही नाही झालं, तर बूट लोडर भलत्याच डिस्कवर बसला असेल. दोन डिस्क असलेल्या यंत्रात किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असताना हे होतं. याची खूण सोपी आहे. पेन ड्राइव्ह लावला की संगणक सुरू होतो, काढला की होत नाही.

३. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून येतं.
म्हणजे ग्रब उठला, पण त्याला त्याचं बाकीचं सामान सापडेना. बऱ्याचदा कोणीतरी विंडोजमधून डिस्कचे विभाग पाडताना किंवा पुसताना लिनक्सचा विभाग हलवलेला असतो. 'नो सच पार्टिशन' असा संदेश सोबत असेल तर जवळजवळ खात्रीच समजा. लिनक्सचा विभाग शिल्लक असेल तर बूट लोडर पुन्हा बसवून काम होतं. विभागच पुसला गेला असेल, तर आधी माहिती वाचवायची.

४. नुसतं 'ग्रब' लिहून पुढे बाणासारखी खूण.
ही आधीच्यापेक्षा हलकी तक्रार. ग्रबचं सामान आहे, पण खोल्यांची यादी असलेली फाइल सापडत नाही. बूट लोडर पुन्हा बसवणं आणि यादी नव्याने तयार करणं, हा उपाय.

५. 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन'.
हा सिक्युअर बूटचा प्रश्न. दारातून आत येणाऱ्याचं ओळखपत्र तपासणारी ही व्यवस्था आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभर अनेकांचं लिनक्स असंच अडलं होतं. त्या अपडेटने जुने, धोकादायक ठरलेले बूट लोडर नाकारायला सुरुवात केली. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण अनेक ठिकाणी झालं. उपाय असा. फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स सुरू करून त्याचे सगळे अपडेट घ्या, मग पुन्हा चालू करून बघा. बिटलॉकरचा नियम इथे विसरू नका.

६. ग्रबची यादी येते, लिनक्स निवडतो, आणि मग काळा पडदा.
इथे बूट लोडरने त्याचं काम चोख केलेलं आहे. अडचण पुढच्या पायरीवर, बहुतेकदा ग्राफिक्स कार्डात आहे. यादीत लिनक्सवर असताना इंग्रजी 'ई' हे अक्षर दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहा आणि एफ १० दाबा. पडदा उजळला तर कारण सापडलं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिघडण्याची भीती नाही.

७. लिनक्स छान चालतं, पण यादीतून विंडोज गायब.
पालकांचा सगळ्यांत घाबरा फोन याचा असतो. "मॅडम, विंडोज उडालं!" उडालेलं नसतं. २०२१ मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम शोधण्याची सोय सुरक्षेसाठी आधीच बंद ठेवलेली असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ओएस प्रोबर' बंद ठेवणारी ओळ असते, तिथे 'फॉल्स' लिहायचं आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवायची. विंडोज यादीत परत येतं.

८. आज चालतं, उद्या नाही. तारीखही चुकलेली.
हा जुन्या संगणकांचा खास आजार. मदरबोर्डवर बटणासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. यंत्र बंद असताना फर्मवेअरची घड्याळवेळ तोच सांभाळतो, आणि जुन्या यंत्रांत बूटच्या सेटिंगही. तो संपला की मामा रोज सकाळी सगळं विसरून येतात. तुम्ही यूईएफआय निवडलेलं असतं, ते पुन्हा लेगसी होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये संगणक कक्ष उघडल्यावर हे हमखास दिसतं. घड्याळाच्या दुकानात मिळणारा, एखाद्या वहीच्या किमतीतला सेल बदला. लिनक्सला दोष देऊन उपयोग नाही.

बूट लोडर पुन्हा बसवायचा कसा?

वरच्या दोन, तीन आणि चार नंबरच्या तक्रारींचा शेवटचा उपाय एकच आहे. लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हवर 'बूट रिपेअर' नावाचं साधन तयारच असतं. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करा, मेन्यूतल्या ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये ते उघडा आणि 'रेकमेंडेड रिपेअर' हे बटण दाबा. पण एक काळजी घ्या. आपल्या डिस्कवरचं लिनक्स ज्या पद्धतीने टाकलेलं आहे, यूईएफआय की लेगसी, त्याच पद्धतीने पेन ड्राइव्हही सुरू झाला पाहिजे. बूटच्या यादीत एकच पेन ड्राइव्ह बहुतेकदा दोनदा दिसतो. एका नावापुढे यूईएफआय लिहिलेलं असतं, दुसऱ्यापुढे नसतं. माझ्या पाहण्यात निम्मे घोळ या दोन नावांमधली निवड चुकल्यामुळे झालेले आहेत.

ज्यांना आज्ञा टाइप करायची सवय आहे त्यांनी कसंही करून एकदा डिस्कवरचं लिनक्स सुरू करावं. त्यासाठी 'सुपर ग्रब टू डिस्क' नावाचं फुकट साधन मिळतं. मग आतून 'ग्रब-इन्स्टॉल' आणि त्यानंतर 'अपडेट-ग्रब' चालवावं. जुन्या बायोस पद्धतीत 'ग्रब-इन्स्टॉल'ला पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं असतं, तिच्या विभागाचं नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

"हे शिक्षकाचं काम आहे का?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांत आपला किती वेळ जातो हे मी वेगळं सांगायला नको. त्यात आता बूट लोडर? प्रत्येक शिक्षकाने हे शिकावं असं माझं म्हणणं नाहीच. एका केंद्रात दोन जणांना आलं तरी पुष्कळ आहे. महिन्याच्या शिक्षण परिषदेत एखादा तास यासाठी ठेवता येईल. एक जुना संगणक, एक पेन ड्राइव्ह, आणि वरच्या आठ तक्रारींपैकी दोन-तीन मुद्दाम करून दाखवायच्या. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सवरचे पाठ मराठी आवाजातही आहेत. ते लावले तरी सुरुवात होते.

बाकीच्यांनी फक्त संदेश वाचायला आणि फोटो काढायला शिकावं. गाडीतळावर दुरुस्तीला संगणक नेताना "चालू होत नाही" असं सांगणं वेगळं, आणि "ग्रब रेस्क्यू येतंय, डिस्क दिसतेय, फॉरमॅट करू नका" असं सांगणं वेगळं. दुसऱ्या वाक्याने शाळेची माहिती वाचते आणि पैसेही.

दुसरा आक्षेपही ऐकू येतो. "एवढ्या कटकटीपेक्षा विंडोजच बरं." याचं प्रामाणिक उत्तर असं की शाळेचं एखादं काम केवळ विंडोजवरच्या प्रोग्रॅमने होत असेल, तर त्या एका संगणकावर विंडोजच ठेवा. हट्ट करू नका. पण मुलांना टाइप करायला, चित्र काढायला, दीक्षावरचे पाठ ब्राउझरमध्ये बघायला लिनक्स पुरेसं आहे. आणि बूटची कटकट विंडोजलाही होते. फक्त तेव्हा आपण विंडोजला नावं ठेवत नाही, "व्हायरस आला असेल" म्हणतो.

मुलांना यातून काय मिळतं?

माझ्या दृष्टीने हाच मुख्य मुद्दा. केरळमध्ये 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळं आहेत. २०१८ पासून तिथली माध्यमिक शाळांतली मुलं संगणकाबद्दल शिकतात आणि शाळेतल्या यंत्रांची देखभाल करायलाही हातभार लावतात. आपली प्राथमिकची मुलं लहान आहेत, त्यांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्यायचा नाही हे कबूल. पण पाचवीतली मुलं चार पायऱ्यांचा तक्ता नक्की बनवू शकतात. "संगणक कोणत्या पायरीवर अडला?" या प्रश्नाचं उत्तर ती आपल्यापेक्षा लवकर देतात. बघणं, नोंदवणं, एक बदल करणं, पुन्हा बघणं. परिसर अभ्यासात आपण हेच तर शिकवतो. इथे ते खऱ्या वस्तूवर घडतं.

आणि उलटही खरं आहे. मोठ्यांनी काळा पडदा बघून लगेच हात वर केलेले मुलं बघतात, तेव्हा तीही काहीतरी शिकतात. अडलं की सोडून द्यायचं, हे शिकतात.

शेवटी एक विनंती

प्रत्येक शाळेने एक छोटी 'संगणक पेटी' करावी. त्यात मिंटचा एक पेन ड्राइव्ह, माहिती उतरवायला दुसरा रिकामा पेन ड्राइव्ह, एक सीआर २०३२ सेल आणि एक वही. वहीत प्रत्येक संगणकाचं एक पान. तो यूईएफआयवर चालतो की लेगसीवर, बूटच्या यादीसाठी कोणतं बटण, लिनक्स कोणत्या तारखेला टाकलं, काय अडलं, कशाने सुटलं. बदली होऊन नवे शिक्षक आले तरी ते पान शाळेत राहील. पालकांनीही घरच्या लॅपटॉपसाठी असं एक पान जरूर करावं.

या महिन्यात एवढंच करून बघा. कोपऱ्यात झाकून ठेवलेला एक संगणक उघडा, सुरू करा, आणि पडद्यावरची ओळ पूर्ण वाचा. वरच्या आठांपैकी कोणता नंबर लागतो ते वहीत लिहा. मग ठरवा, भंगारात द्यायचा की वर्गात मांडायचा.